मागे वळून बघणारी बाई

नाना कामाला बसायचे तेव्हा आधी भिंतीतला प्लग उपटायचे आणि वायरीसकट तो स्वतःच्या शर्टाच्या खिशात घालायचे. मग समोर जे असेल, गणपतीचा उंदीर असो नाहीतर ताक घुसळणारी यशोदा, त्याच्याशी बोलत बोलत काम सुरू. कोणी विचारलं तर म्हणायचे, "प्लग मना खिसामा शे, म्हंजे जीव बी मना खिसामा शे." एकदा तसेच चहाला उठले. दारापर्यंत पोचले, खिशातली वायर ताणली आणि मागे हनुमान आडवा झाला. तर ते वळून त्याला म्हणाले, "तुले बी चहा पाहिजे का?"

धुळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला नानांची पत्र्याची शेड होती. गणपतीत मंडळं हलते देखावे लावतात, त्यातल्या मूर्ती ते करायचे. मूळचे सोनगीरचे. बायको वारलेली, मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात. मी त्यांच्या मूर्तींचे कपडे शिवायचे. जिवंत माणसाचा ब्लाउज शिवणं सोपं. मूर्तीचा हात हलणार असेल तर बाही कुठे अडकेल हे आधी ओळखावं लागतं. नाना मूर्तीचा खांदा हाताने फिरवून दाखवायचे आणि म्हणायचे, "आठे ढिलं ठेव. ती बोलाव नही, तिले काचनं तरी."

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायला आवडतं, पण लिहिलेलं दाखवत नाही. हेही कपाटात साड्यांखाली राहील. मला लाज वाटायला कारण लागत नाही. दुकानात सुटे पैसे मागायची लाज वाटते, लग्नात दुसऱ्यांदा भाजी घ्यायची लाज वाटते. आवाज तर असा की समोरचा माणूस "काय?" म्हणतोच. त्याने दुसऱ्यांदा "काय?" म्हटलं की मी बोलणं सोडून देते.

एकदा एक बाई ब्लाउज घेऊन परत आली आणि दारातूनच ओरडायला लागली. मुंढ्यात काचतो, कापड वाया घालवलं, येत नाही तर घेता कशाला. मापाचा ब्लाउज तिनेच दिला होता, आणि तो तिच्या लेकीचा होता हे मला शिवतानाच कळलं होतं. मी ते हळूच म्हटलं. ती म्हणाली, "काय?" नाना शेडमधून येऊन माझ्या दाराशी उभे होते. त्यांनी मोठ्याने सांगितलं, "ती म्हनस, माप तुमनी आंडेरनं व्हतं." बाई म्हणाली, मग आधी का नाही बोलली? मी म्हटलं, वाटलं तुम्ही लेकीसाठीच शिवताय. नाना म्हणाले, "ती म्हनस, तिले वाटनं आंडेरसाठे शे." असं बराच वेळ चाललं. मी बोलायचे, नाना तेच मोठ्याने बोलायचे, आणि बाई माझ्याकडे न बघता नानांशी भांडायची. शेवटी तिला हसू आलं. ब्लाउज ढिला करून घेऊन गेली.

तेव्हापासून गल्लीत कोणी मला काही विचारलं की नाना आजूबाजूला असतील तर म्हणायचे, "थांबा, मी सांगस." गल्लीतल्या बायका हसायच्या. मलाही ते सोयीचं झालं होतं.

पूर्वी नानांच्या मूर्ती गाडीच्या वायपरच्या मोटरवर चालायच्या. मोटर गोल फिरायची, तिला पट्टी, पट्टीला हात. हात वर, हात खाली, दिवसभर तेच. मग जळगावच्या एका मंडळाच्या संजूभाऊंनी, ते अध्यक्ष होते, नानांना फोनवर कुठलातरी मोठ्या शहरातला देखावा दाखवला. त्यात मूर्ती बोट वाकवत होती, थांबत होती, परत वाकवत होती. "नाना, असं पाहिजे. नाहीतर लोक आता बघत नाहीत. पुढच्या वर्षी आम्ही सरळ मोठा टीव्ही लावू." नानांनी सुरतेहून मुलाकडून सर्व्हो नावाच्या मोटरी मागवल्या. ह्या मोटरीला सांगितलं एवढं वळ, की ती तेवढंच वळते आणि तिथेच धरून राहते. आणि सांगायला एक बोर्ड, काडेपेटीएवढा.

त्या वयात नाना फोनवर बघून बघून ते शिकले. पहिला बोर्ड त्यांनी जाळला. मोठ्या मोटरीची वीज त्यांनी बोर्डामधूनच दिली, आणि मोटर हात उचलायला गेली तशी बोर्डातून धुराची बारीक रेघ निघाली. मी तेव्हा शेडमध्ये गौरीच्या निऱ्या टाचत होते. नानांनी तो बोर्ड तळहातावर घेतला आणि बराच वेळ तसाच धरून बसले. दुसऱ्या दिवशी शेड उघडली नाही. मी भाकरी आणि भरीत घेऊन गेले तर म्हणाले, "मनी चूक शे. त्या बिचारानी काय चूक?" बोर्डाला ते बिचारा म्हणत होते.

नंतर त्यांना सगळं उमगलं, आणि ते मला समजावून सांगायला लागले. दुसरं कोणी ऐकणारं नव्हतं म्हणून मला. ते म्हणाले, "हाऊ बोर्ड तुनासारखा शे. हळू बोलस. तीन व्होल्टमा बोलस. अन् ही मोटर बहिरी. तिले पाच व्होल्टनं बोलणं ऐकू येस. कधी ऐकस, कधी नही ऐकस, मंग नुसती थरथरस. म्हनीसनी मधमा हाऊ ठेवना." आणि त्यांनी चिमटीत धरून एक काळा, मुंगळ्यासारखे पाय असलेला तुकडा दाखवला. बोर्ड जे हळू सांगेल तेच हा तुकडा मोटरीला मोठ्याने सांगतो. स्वतःचं काही घालत नाही. नाना त्याला मधला म्हणायचे. मोटरीची वीज मोटरीला वेगळी, बोर्डाची बोर्डाला वेगळी, फक्त दोघांच्या मायनसच्या तारा एकत्र बांधायच्या. त्या बांधल्या नाहीत तर मधला असूनही कोणाला काही कळत नाही. एकदा ती तार सुटली होती तेव्हा लक्ष्मीचा हात असा कापायला लागला की संजूभाऊ म्हणाले, "नाना, देवीच्या अंगात आलं का?"

त्यानंतर नानांनी एकही बोर्ड जाळला नाही. ही गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. धुळ्यातले, जळगावातले दुसरे देखावेवाले विचारायला यायचे, आणि नाना आधी दटावायचे, "मधला बिगर जोडानं नही." तेवढाच एक गर्व मी त्यांच्यात पाहिला.

त्या वर्षी संजूभाऊंनी खानदेशचा देखावा सांगितला. मधोमध चूल, चुलीवर उलटं खापर, आणि मांडे करणारी बाई. पुरण भरलेली उंडी दोन्ही हातांवर घेऊन, मनगटावरून कोपरापर्यंत खेळवत, फिरवत मांडा मोठा करायचा आणि फाटू न देता खापरावर टाकायचा. हे मशीनने कसं करायचं? संजूभाऊ निघताना म्हणाले, "हे जमलं तर नाना, तुम्ही असेपर्यंत आमचं काम तुमचंच. नाही जमलं तर मात्र मंडळातली पोरं ऐकणार नाहीत. टीव्हीवाला रोज फोन करतोय." बाकीची मंडळं आधीच गेली होती. नानांकडे तेवढंच काम राहिलं होतं.

लग्नसराईत मी मांडे करायला जाते. नाना माझ्या घरी आले, उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "माय, तू कर, मी फक्त हात देखस." मी खापर तापवलं. नानांनी व्हिडिओ घ्यायला फोन समोर धरला. कोणी बघत असताना मला काही करता येत नाही, पण नानांची मला सवय होती. मी भिंतीकडे थोडी तिरकी बसले आणि केले. घरातले मांडे खाऊन कंटाळले इतके त्या दिवसांत केले.

मांड्यासाठी मी ताणणारं बनियनचं कापड घेतलं, गोल कापलं, काठाला बारीक इलॅस्टिक लावलं. मूर्तीचे हात लांब गेले की ते कापड मोठं व्हायचं, जवळ आले की आखडायचं. खांद्याला, कोपराला, मनगटाला मोटरी. पहिले कित्येक दिवस ती बाई कणीक भांडून हिसकावून घेतल्यासारखी दिसायची. मग एके दुपारी नानांनी हाक मारली, आणि पाहिलं तर माझेच हात. डावं मनगट मी जरा जास्त झुकवते, तेही. मला कानापर्यंत गरम झालं, पण चांगलंही वाटलं. डोकं अजून बसवलं नव्हतं.

देखावा टेम्पोतून जळगावला गेला. जळगावला माझी नणंद राहते, लताबाई, म्हणून आमच्या ह्यांनी मला दहा दिवस जाऊ दिलं. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा नाना टेम्पोत चढून बाईचं डोकं नीट गुंडाळलंय का बघून आले. जुन्या साडीत बांधलेलं होतं. मला वाटलं रंग खराब होऊ नये म्हणून.

पहिल्या संध्याकाळी पडदा उघडला तेव्हा मी लताबाईबरोबर लोकांत उभी होते. चुलीत लाल दिवा. बाईने कापड हातांवर घेतलं, फिरवलं, मोठं केलं, खापरावर टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने मान वळवली. डाव्या खांद्यावरून मागे बघितलं, हनुवटी पदरात घातली आणि पटकन परत पुढे वळली. पुन्हा मांडा. पुन्हा मागे बघणं, जरा भ्यायल्यासारखं, कोणी बघतंय का म्हणून.

लोक हसले. वाईट हसू नव्हतं. बायका तोंडावर पदर घेऊन हसत होत्या, मुलांनी तर खेळच काढला. तिने मान मागे वळवली की पुढे सरकायचं आणि ती परत पुढे बघायला लागली की जागच्या जागी थिजायचं. एक म्हातारा म्हणाला, "सासू येस का ते देखी राहिनी." लताबाईने माझ्याकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं, आणि माझा दंड धरला.

"वहिनी, हाई ते तूच शे."

मला माहीत नव्हतं मी असं करते. खरंच माहीत नव्हतं. मागे बघून घेतलं म्हणजे कोणी बघत नाही याची खात्री होते, एवढंच मला वाटायचं. असं बघणं हेच सगळ्यांना दिसत असतं, हे कधी मनात आलं नाही. लग्नांच्या मांडवात, दुकानात, देवळात मी आयुष्यभर अशी दिसत आले. आणि ती एवढीशी मान लाल दिव्यात, लाउडस्पीकरखाली, अर्ध्या जळगावसमोर वळत होती. लताबाईने शेजारणींना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या मूर्ती बघायला आल्या आणि मग मला बघायला.

गर्दी वाढत गेली. संजूभाऊ खूश होते. परीक्षक यायचे होते. "हात तर कोणीही करेल हो," ते नानांना म्हणाले, "मान, मान. मान म्हणजे कमाल आहे."

मी पडद्यामागून बाहेर येईनाशी झाले. तिथे बसून उसवलेलं टाचत होते, न उसवलेलंही टाचत होते. दुपारी गर्दी नसताना नाना मागे आले.

"काय व्हयनं माय? जेवनी नही तू."

मी मान हलवली. तेवढी मान हलवायचीही मला लाज वाटली.

ते खाली बसले. "तुले लाज वाटी राहिनी का?"

मी पुढचा टाका घातला. नाना मूर्तीच्या पाठीकडे बघत राहिले. मागून तिच्या पोलक्याच्या गाठी दिसत होत्या, मीच बांधलेल्या. मग ते म्हणाले, "मी ते फोनमा देखं. हात देखता देखता. माले ते इतलं भारी वाटनं, माय. नुसता हात व्हता तवलोंग ती मशीन व्हती. मान फिरी अन् ती बाई व्हयनी." थोड्या वेळाने म्हणाले, "पन तुनी मान मी न इचारता लिधी."

त्यांनी प्लग उपटला आणि खिशात घातला. स्टूल घेतलं, मूर्तीच्या मानेमागचा पदर उचलला, दोन स्क्रू काढले आणि मानेच्या मोटरीची तार सोडून घेतली. मी म्हटलं, "नाना, राहू द्या." ते त्यांना ऐकू गेलं का नाही माहीत नाही. प्लग परत लावला. बाईने मांडा फिरवला, मोठा केला, टाकला, पुन्हा उचलला. पुन्हा तेच. समोर रिकाम्या खुर्च्यांकडे बघत. वायपरच्या मोटरीवरच्या मूर्तीसारखी.

संध्याकाळी मुलं आली, थोडा वेळ मान वळायची वाट बघत उभी राहिली आणि पाळण्यांकडे गेली. परीक्षकांच्या थोडं आधी संजूभाऊ धावत आले. मागे मंडळातली चारसहा माणसं.

"नाना, मान?"

"मोटर गई."

"कशी गेली? काल तर..."

"मनी चूक. सरळ बोर्डले जोडेल व्हती. मधला टाकाना राही गया. थरथरी थरथरी जळी गई."

संजूभाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. "मधला टाकला नाही? तुम्ही?" मागचा एक जण म्हणाला, "सगळ्या खानदेशाला शिकवतात, मधल्याशिवाय जोडू नका." कोणीतरी हसलं. संजूभाऊ हसले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "वय झालं नाना. आमचीच चूक. तुमच्यावर एवढं टाकायला नको होतं."

नाना खाली बघत उभे होते. हाताची बोटं शर्टाच्या काठाशी चाळा करत होती.

मी उठले. सगळ्या पुरुषांसमोर मी उठून उभी राहिले, याचीच मला आधी लाज वाटली. मी म्हटलं, "भाऊ, मोटर जळालेली नाही. माझ्यामुळे काढली."

संजूभाऊ वळले. "काय? काय म्हणताय वहिनी?"

माझ्या घशातून परत काही निघायच्या आत नाना मोठ्याने बोलले, गल्लीत बोलायचे तसेच, "ती म्हनस, चहा करेल शे. चहा पीसनी जा."

"आता चहा कसला," संजूभाऊ म्हणाले, आणि परीक्षकांना घ्यायला गेले. माणसंही गेली. नाना माझ्याकडे न बघता स्टूल उचलायला लागले. आजवर त्यांनी माझं बोलणं बदललं नव्हतं. माझ्या शब्दाला स्वतःचा शब्द लावला नव्हता. त्या दिवशी लावला, आणि मला तो मागे घेता आला नाही, कारण परत बोलायला माझ्याकडे आवाज उरला नव्हता.

परीक्षक आले, बघून गेले. विसर्जनाच्या दिवशी संजूभाऊंनी नानांना शाल दिली. शाल द्यायला लागले की माणसाला कळतं, काम गेलं.

पुढच्या वर्षी त्या मंडळाने मोठा टीव्ही लावला. नानांचा मुलगा सुरतेहून आला आणि शेड रिकामी करायला लागला. हनुमान, यशोदा, उंदीर एका छोट्या गाडीत भंगाराला गेले. मुलगा चांगला आहे. बापाला इथे एकटं ठेवून काय करायचं, एवढंच त्याचं म्हणणं. गल्लीतल्या बायका नानांचा निरोप घ्यायला एकेक करून जाऊन आल्या. मी त्या दिवशी मशीनवर बसून राहिले. जाऊन काय बोलायचं ते जुळत नव्हतं. शेवटी दुपारी, मुलगा गाडी सांगायला गेला तेव्हा, मूर्तीचं लुगडं परत आणायचं निमित्त करून गेले.

शेडमध्ये आता एकच मूर्ती होती. नाना तिच्यासमोर बसले होते आणि ती चालू होती. मांडा मोठा झाला, खापरावर पडला, आणि तिने मान वळवून मागे बघितलं. नानांनी मला दारात पाहिलं तशी झटकन प्लग ओढला. अंगावरचा टॉवेल काढून तिच्या डोक्यावर टाकला. चोरी करताना सापडल्यासारखे उभे राहिले. "नुसतं देखी राहिनु व्हतु," ते म्हणाले. "कोनले दखाडाव नही, माय."

त्यांना माझ्यासमोर लाज वाटत होती. त्या म्हाताऱ्या माणसाला, माझ्यामुळे. मला तेव्हा जे वाटलं त्याला मला शब्द येत नाही.

मी म्हटलं, "चालू करा."

त्यांना एकदाच म्हटलेलं ऐकू गेलं. "काय काय" केलं नाही. त्यांनी टॉवेल काढला, तिच्या केसांवरची धूळ फुंकली, पदर सारखा केला आणि प्लग लावला. मग त्यांनी एक केलं. ते पलीकडच्या कोपऱ्यात गेले आणि पाठ माझ्याकडे, तोंड पत्र्याकडे करून उभे राहिले, हात मागे बांधून.

मी तिच्या डाव्या खांद्यामागे खाली बसले. तिने मांडा हातावर घेतला. डावं मनगट झुकवलं. मोठा केला, अजून मोठा, फाटतो की काय असा, आणि टाकला. मग मान वळली आणि ती माझ्याकडे बघायला लागली. मी खाली बघितलं. पुढच्या वेळी परत खाली बघितलं. त्याच्या पुढच्या वेळी नाही बघितलं.

बाहेर गाडी आल्याचा आवाज झाला. नाना वळले नाहीत. पत्र्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "व्हयनं का, माय?"

"थांबा जरा, नाना," मी म्हटलं.

ते तसेच उभे राहिले.